काडतुसाची जुळणी

निरोप आला तेव्हा आर्डिस कोल्स्टड काट्यावर पांढरी पूड तोलत होती. ग्रेट फॉल्सच्या इस्पितळातल्या औषधशाळेत तिला एकोणतीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत तोलताना तिच्या हातून कणभरही सांडलं नव्हतं. एप्रनच्या खिशातला फोन गुरगुरला, तिनं सवयीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि चमचाभर पूड काट्याच्या बाहेर पडली. पलीकडच्या टेबलावरच्या बाईनं मान वर केली. राज्याच्या वन्यजीव खात्याची एकच ओळ होती: डोंगरी मेंढा, एक, परवाना मंजूर. वर नाव होतं ते तिचं. आर्डिसनं सांडलेली पूड पुसली, पात्र धुतलं, पहिल्यापासून तोलायला घेतलं. चौतीस वर्षं. चौतीस वर्षं तिचा नवरा मर्ल दर वसंतात या सोडतीत नाव टाकत होता. शंभरात एकालाही लागत नाही अशी ती सोडत. माणसं त्यात नाव टाकता टाकता म्हातारी होतात, आणि मेल्यावर त्यांचे मित्र दफनाच्या वेळी हसून म्हणतात की बिचाऱ्याला मेंढा काही मिळाला नाही. मर्ल आपल्याबरोबर बायकोचंही नाव टाकायचा. 'दोन चिठ्ठ्या टाकलेल्या बऱ्या,' म्हणायचा. एकदा तिनं विचारलं होतं, 'आणि माझीच निघाली तर?' तो टोस्टला लोणी लावत होता. 'तुझी नाही गं निघत,' तो म्हणाला होता. परवाना ज्याच्या नावाचा त्यानंच जायचं असतं. नवऱ्याला देता येत नाही, मुलीला देता येत नाही. आणि आर्डिसनं एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यात जिवंत प्राण्यावर कधी बंदूक धरलेली नव्हती.

पण मर्लनं गेल्या तीस वर्षांत डोंगरात झाडलेलं प्रत्येक काडतूस तिनं तयार केलेलं होतं. ही गोष्ट घराबाहेर फार कुणाला माहीत नव्हती. लग्नानंतर पहिली काही वर्षं मर्लच तळघरात बसून काडतुसं भरायचा. वापरलेल्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, तळाशी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबून बसवायची. हिवाळ्यात त्या भागातले निम्मे पुरुष हेच करतात. मर्ल ते गप्पा मारत करायचा, मित्र जिन्यावर बसलेले, बिअरचे डबे उघडलेले. मग एका नोव्हेंबरात तो एल्कच्या, त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीहून तीन दिवस उशिरा परत आला. रिकाम्या हातानं. वर गेला आणि बूटसुद्धा न काढता न्हाणीघरातल्या टबाच्या काठावर बसून राहिला. आर्डिस दारात उभी राहिली. त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं की गोळी वीतभर खाली लागली. पुढचा पाय. नराला तीन पायांवर पळताना त्यानं पाहिलं होतं आणि तीन दिवस बर्फातल्या रक्ताच्या मागावर त्याच्यामागं फिरला होता. दुसऱ्या दिवशी रक्त कमी झालं, तिसऱ्या दिवशी बर्फ पडलं. 'नेम चुकला नव्हता,' तो म्हणाला. 'माझा नेम बरोबर होता, आर्डिस. त्या काडतुसात दारू कमी पडली असणार. मी बडबडत होतो त्या दिवशी.' ती खाली तळघरात गेली, टेबल पुसलं, बिअरचे डबे पोत्यात भरले आणि त्याचा काटा हातात घेऊन पाहिला. काटा स्वस्तातला होता, पण खोटा नव्हता. त्या रात्रीपासून काडतुसं मर्लनं भरली नाहीत, तिनं भरली.

आर्डिसला त्या कामात जे सापडलं ते तिला कुणाला नीट सांगता आलं नसतं. रोज औषधशाळेत तोलायची ते कुणाच्या तरी पोटात जायचं आणि पुढं त्याचं काय झालं ते तिला कळायचं नाही. तळघरात मात्र तोललेल्याचं उत्तर मिळायचं. गुंजेचा विसावा हिस्सा दारू कमी-जास्त झाली तरी शंभर यार्डांवरच्या कागदावर ते दिसायचं. पहिल्यांदा तिला हे खरंच वाटलं नव्हतं. मर्लनं समजावलं होतं की गोळी सुटताना नळी सरळ राहत नाही, टोल दिलेल्या घंटेसारखी थरथरते. त्या थरथरीत एक क्षण असा असतो की नळीचं तोंड वळायच्या बेतात थबकलेलं असतं, आणि गोळी त्याच क्षणी बाहेर पडली तर प्रत्येक वेळी एकाच जागी जाते. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळत नाही. दारू थोडी थोडी बदलत, गोळी केसभर वर-खाली बसवत तो शोधायचा. प्रत्येक नळीचा निराळा. आर्डिसला हे ऐकून चर्चमध्ये कधी आलं नव्हतं असं काहीतरी अंगावर आलं होतं, मानेवरून पाठीत उतरणारं. लोखंडाच्या नळीला स्वतःचा असा एक क्षण आहे, आणि कुणी धीरानं विचारत राहिलं तर ती तो सांगते.

संध्याकाळी तिनं फोन मर्लसमोर ठेवला. तो अडुसष्टचा होता, गेल्या वर्षी छाती उघडून झाली होती, गुडघे दोन्ही गेलेले. त्यानं चष्मा लावून ती ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

'चुकून आलं असेल,' तो म्हणाला.

'मी खात्याला फोन केला दुपारी. चुकून नाही.'

'हं.' तो उठला, बाहेर गेला आणि आदल्या दिवशीच कापलेलं अंगणातलं गवत पुन्हा कापायला लागला. आर्डिस खिडकीत उभी राहून यंत्राचा आवाज ऐकत होती. कोपऱ्यावरून वळताना आवाज चढायचा, मग उतरायचा. तिला वाटलं, आता हा कधीच आत येणार नाही. मग वाटलं, परत करून टाकावा परवाना, तसं करता येतं. पण नको म्हणावंसं वाटत नव्हतं आणि त्याचीच तिला भीती वाटली. तासाभरानं मर्ल आत आला, पँटला हिरवे कण चिकटलेले.

'तू परत द्यायचा विचार करतेयस,' तो म्हणाला.

'करत होते.'

'मग मी तुझ्याशी बोलायचा नाही. आधीच सांगून ठेवतो.' तो खुर्चीत बसला. 'माझी रायफल तुला लांब पडते. खांद्यात नीट बसत नाही. काय करू या, बघतो.'

त्यानं काय केलं ते तिला शनिवारी कळलं. गॅरेजमध्ये करवतीचा आवाज येत होता म्हणून ती गेली, तर अक्रोडाच्या लाकडाचा त्याच्या रायफलीचा दस्ता पकडीत आवळलेला आणि मर्ल त्याचा मागचा दीड इंच कापून काढत होता. वडिलांकडून त्याला मिळालेला दस्ता होता तो. आता ती रायफल त्याच्या लांब हातांना पुन्हा कधी नीट बसणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. 'भुसा श्वासात जाईल, तोंडाला फडकं बांध,' एवढंच ती म्हणाली. 'बायकोची आज्ञा,' तो म्हणाला, पण फडकं काही बांधलं नाही.

तेव्हापासून उन्हाळाभर ती जुळणी करत राहिली. एल्कसाठीचं जुनं काडतूस तिच्या खांद्याला जड जात होतं. धक्क्याच्या आधीच तिचे डोळे मिटायचे, आणि डोळे मिटणाऱ्यानं मेंढ्यावर गोळी झाडू नये, असं तिला मनातून वाटायचं. म्हणून हलकी गोळी, निराळी दारू, सगळं पहिल्यापासून. संध्याकाळी जेवण झालं की ती तळघरात उतरायची. दिवा लावायची. दारूचे करडे-हिरवे बारीक कण पात्रात पडायचे, काट्याचे आकडे सरकायचे, ती चिमट्यानं एक कण टाकायची, एक काढायची. पितळेच्या तोंडावर बोट फिरवलं की ते थंड आणि गुळगुळीत लागायचं, आणि मग एकाएकी तिला वाटायचं की या प्रत्येकात कुणाचं तरी मरण मी इतकं काळजीनं मोजून ठेवतेय. इतकी वर्षं हे वाटलं नव्हतं. पुढचं काम मर्लचं होतं. तो डोंगरात जायचा, परत यायचा, मांस बर्फपेटीत जायचं. मधलं सगळं ती धुक्यात ठेवू शकत होती. आता धुकं उरलं नव्हतं. तीन-तीन काडतुसांच्या थैल्या, प्रत्येक थैलीवर शाईनं खूण, प्रत्येक थैलीत मागच्यापेक्षा किंचित जास्त दारू. रविवारी सकाळी दोघं गावाबाहेरच्या चांदमारीवर जायची. ग्रेट फॉल्सचा वारा कधी पडत नाही. पहाटेपाठोपाठ अर्धा तास तेवढा तो दम खातो, तेव्हा झाडायचं. मर्ल दुर्बिणीला डोळा लावून शेजारी बसायचा.

'ही थैली म्हणजे कोंबड्यांना दाणे टाकलेत,' कागदावरची विखुरलेली भोकं बघून तो म्हणायचा.

'मला दिसतंय.'

'दिसतंय तर तोंड का पाडतेस? दाणे टाकले की कोंबड्या येतात.'

जुलैत तिनं दारू वाढवत नेली तेव्हा एका सकाळी पितळच बोललं. झाडल्यावर पुंगळी काढायचा दांडा वर उचलायला जड गेला आणि पुंगळीच्या तळची टोपी चपटी झालेली दिसली. नळीच्या आत जोर फार झाला होता. मर्लनं पुंगळी हातात घेतली, अंगठा फिरवला आणि उरलेली दोन काडतुसं तिच्याकडून काढून घेतली. 'बस, इथंच थांबायचं. नळीनं नाही म्हटलं की नाही.' घरी येऊन तिनं त्या उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या ओढून काढल्या, दारू बागेत गुलाबाखाली टाकली आणि एक पाऊल मागं येऊन दुसऱ्या बाजूनं शोधायला लागली. आणि ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी ते झालं. पहिली झाडली. दुसरी झाडली. मर्ल काही बोलेना. तिसरी झाडली, तरी बोलेना. तिला वाटलं दोन गोळ्या कागदाबाहेर गेल्या. 'सांग ना,' ती म्हणाली. त्यानं दुर्बीण तिच्याकडे सरकवली. कागदावर एकच भोक होतं, जरा मोठं, कडा तीन पाकळ्यांसारख्या. शंभर यार्डांवर तीन गोळ्या एकमेकींच्या अंगावरून गेल्या होत्या. आर्डिस कितीतरी वेळ बघत राहिली. आनंद म्हणावा तर तो नव्हता. आपण ज्याला हाका मारत होतो ते समोर येऊन उभं राहिलं की माणूस जसा जीभ विसरतो, तशी ती झाली होती. तिनं जाऊन कागद काढून आणला नाही. मर्लनं आणला, आणि घडी न घालता मांडीवर धरून घरापर्यंत आला.

ऑक्टोबरात मुलगी ब्रिटा स्पोकेनहून आली. ती तिकडे परिचारिका होती आणि दहा वर्षांपासून मांस खात नव्हती. मर्लचे गुडघे ब्रेक्सच्या चढावर चालणार नव्हते. मिसूरी नदीच्या काठचे ते चिकणमातीचे उभे, तुटलेले डोंगर तरण्याताठ्यालाही दम काढायला लावतात. म्हणून ओझ्याला ब्रिटा.

'तू गवत खाणारी, तुला झेपेल का?' मर्लनं विचारलं.

'बाबा, मेंढाही गवतच खातो,' ती म्हणाली. 'चढाल का त्याच्याबरोबर?'

तिसऱ्या सकाळी मर्लनं कड्यावर पिकअप लावून, तीन पायांच्या दुर्बिणीतून त्यांना शोधून काढलं. मैलभर दूर, घळीपलीकडच्या फिकट उतारावर पाच नर. चार लहान वरच्या पायरीवर आणि एक मोठा. मायलेकी उतरल्या, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून गेल्या, दीड तास चढल्या. आर्डिसच्या बुटांना चिकणमातीची लादी झाली होती, कानात स्वतःचं रक्त वाजत होतं. कड्यावर ज्युनिपरच्या खुरट्या झाडाआडून ती पोटावर सरकली आणि तिनं पहिल्यांदा तो पाहिला.

पाहिला म्हणजे काय, याचा विचार तिनं नंतर महिनोन्‌महिने केला. दोनशे पावलांवर, तिच्या किंचित खाली, सूर्य त्याच्या पाठीवर. शिंगं कानांमागून खाली वळून पुन्हा डोळ्यांपाशी आलेली, इतकी जड की मान त्यांच्याशी रोज नव्यानं करार करत असावी. तो कुठंच बघत नव्हता. बारीकशी झुळूक त्याच्याकडून तिच्याकडे येत होती आणि तिच्यात लोकरीचा, सेजच्या झुडपांचा कडवट वास होता. तो तिच्याआधी होता आणि ती नसतानाही तिथं असाच उभा असता, हे तिला इतक्या स्पष्टपणे कळलं की हात आपोआप शांत झाले. मागून ब्रिटा कुजबुजली, 'आई, नाही झाडलीस तरी चालेल. मी बाबांना सांगेन वारा होता.' आर्डिसनं मान हलवली. खोटं सांगायचं नव्हतं, नेम बिघडवेल असा वारा नव्हता. आणि खरं म्हणजे तिला झाडायची होती. हेही तिनं स्वतःपासून लपवलं नाही. तिनं श्वास निम्मा सोडला, चापावर बोट टेकवलं. धक्का बसला तेव्हा तिचे डोळे उघडे होते.

मोठ्या नराचे पुढचे पाय मुडपले, मग मागचे, आणि तो खाली बसला, दुपारच्या विश्रांतीला बसतात तसा. डोकं सावकाश कडेला टेकलं. संपलं. धावपळ नाही, पाय झाडणं नाही. आवाज डोंगरांतून चार-पाच वेळा फिरला आणि कुठून आला हे त्या बाकीच्यांना कळलंच नसावं. त्यांनी माना वर केल्या, कान फिरवले, आणि पुन्हा खाली घातल्या. थोड्या वेळानं त्यांतला एक वरच्या पायरीवरून उतरून मेलेल्याजवळ आला, त्याच्या खांद्याला नाक लावलं आणि शेजारीच पाय दुमडून बसला. मग दुसरा आला. सगळे त्याच्याभोवती जमले, रवंथ करत.

आर्डिस तशीच पोटावर पडून राहिली. तीस वर्षं तिनं हेच मागितलं होतं. जनावराला कळू नये, वेदना पोचायच्या आत सगळं होऊन जावं, म्हणून ती एकेक कण तोलत आली होती. आणि आता ते इतकं पुरतं साधलं होतं की त्या उतारावर मरण येऊन गेल्याचा कुणाला पत्ताच नव्हता. ज्याला आलं त्याला नव्हता, त्याच्या सोबत्यांना नव्हता. सबंध आभाळाखाली ते फक्त तिच्याजवळ होतं. इतकं मोठं काही एकटीनं जवळ बाळगायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती रडत नव्हती. फक्त जमीन फार जवळ वाटत होती, गालाखालची माती, मातीतली मुंगी.

अर्धा तास झाला असेल. 'आई, ऊठ आता,' ब्रिटा म्हणाली.

'ते जाऊ देत.'

'ते नाही जायचे. तूच जायला हवंस.'

आर्डिस रायफल रिकामी करून झाडाला टेकवून उठली आणि उघड्यावरून, सरळ, हळूहळू चालत निघाली. चारही नर उठून उभे राहिले, पण पळाले नाहीत. पंधरा पावलांवर आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पिवळसर आडव्या डोळ्यांनी, आणि मग मयताच्या घरी जवळचं माणूस आलं की बाकीचे न बोलता बाजूला सरून वाट देतात, तसे ते एकामागून एक सरले. आर्डिस गुडघ्यांवर बसली. शिंगावर वर्षावर्षाच्या वळ्या होत्या. तिनं अंगठ्यानं मोजल्या. नऊ हिवाळे. एक वळी अगदी अरुंद होती; त्या वर्षी त्याला खायला मिळालं नव्हतं आणि तरी तो जगला होता. ब्रिटा येऊन मागं उभी राहिली, तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला, मग बाह्या वर केल्या. 'सुरी दे,' ती म्हणाली. 'माणसांची आतडी तुझ्यापेक्षा मी जास्त पाहिली आहेत.'

परतायला दुपार कलली. पाठीवरचं ओझं इतकं की शेवटचा चढ त्यांनी हातांचा आधार घेत चढला. मर्ल पिकअपच्या मागच्या फळीवर त्यांच्याकडे पाठ करून बसला होता, चुलीवर कांदे परतत. पावलं ऐकली तरी वळला नाही.

'असू दे,' तो तव्याकडे बघत म्हणाला. 'मी पाहिलं सगळं. मोठा तोवर खालच्या वळणाआड गेला होता, तो मला दिसत नव्हता, पण बाकीचे दिसत होते. आवाज झाला आणि ते दचकलेसुद्धा नाहीत, चरत राहिले, मग सावकाश खाली वळणाआड उतरले. नंतर तुम्हाला बघून निघून गेले. होतं असं. माझं स्वतःचं किती वेळा झालंय. अजून पाच आठवडे आहेत हंगामाचे, आणि तू जे काडतूस तयार केलंस ना, तसं मी जन्मात कधी...' तो थांबला. ब्रिटानं पाठीवरचं ओझं जमिनीवर उतरवलं होतं आणि शिंग दगडाला लागून वाजलं होतं.

मर्ल वळला. कांदे करपायला लागले तेव्हा ब्रिटानं पुढं होऊन तवा उतरवला. त्यानं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

'मग ते पळाले का नाहीत?' त्यानं विचारलं.

'त्यांना कळलंच नाही, मर्ल.'

'आणि त्याला?'

'त्यालाही नाही.'

त्यानं तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर माती होती, एका गालावर वाळलेल्या गवताची काडी चिकटलेली.

'आणि तुला?'

'मला कळलं,' आर्डिस म्हणाली.

दुखऱ्या गुडघ्यांवर हात रोवून मर्ल फळीवर एका कडेला सरकला आणि तिच्यासाठी जागा केली.